दाराच्या तळाला पुन्हा पुन्हा येणारा गंज आणि कार्पेटखालचं पाणी

डावीकडचं पुढचं दार, खालची कड, मागच्या कोपऱ्यापासून चार बोटं पुढे. माझ्या गाडीला या एका जागी तीन वेळा गंज आला. आधी रंगाखाली मसुराच्या दाण्याएवढा फोड दिसायचा, पुढच्या गणपतीपर्यंत तो रुपयाएवढा व्हायचा आणि नखाने दाबला की रंगाची पापडी निघून खाली तपकिरी भुगा दिसायचा. पहिल्यांदा गॅरेजवाल्याने घासून, पुट्टी भरून रंग मारला. एक पावसाळा निघाला. दुसऱ्यांदा गाडी मोठ्या, चांगल्या नावाच्या ठिकाणी दिली. तिथे रंग इतका बेमालूम जुळवला की मलाही ती जागा सापडेना. वर्षाच्या आत फोड परत आला, शेजारी आणखी एक घेऊन.

तिसऱ्यांदा पुण्यात कर्वेनगरला आमच्या घराजवळच्या एका वयस्कर डेंटरकाकांकडे नेली. त्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. दार उघडलं, उकिडवे बसले, खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोट ओलं होतं. त्याआधी चार दिवस पावसाचा थेंब पडला नव्हता.

"साहेब, हा गंज बाहेरनं नाही लागलेला, आतनं आलाय. आधी पाण्याचं बघा. रंग काय, कुणीही मारील."

लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. दाराच्या तळाला गंज आला की सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले सगळे माझ्यासारखेच आधी रंगवाल्याकडे जातात. गेल्या तीन पावसाळ्यांत मी माझ्या गाडीची चारही दारं आतून उघडली, मेहुण्याच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांची मिळून आणखी पाच. त्यात जे दिसलं आणि जे करून उपयोग झाला ते इथे मांडतो.

दारात पाणी जाणारच

काच जिथून खाली जाते तिथे बाहेरच्या अंगाला रबराची पट्टी असते. ती काच पुसते. पाणी पूर्ण अडवेल इतकी ती घट्ट बसवली तर काच सरकणारच नाही. म्हणून जोराचा पाऊस आला की काचेवरून ओघळणारं थोडं पाणी त्या फटीतून दाराच्या पोटात उतरतं, तळाला जातं आणि तळाच्या कडेला ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. हा दोष नाही, दार बनवतानाच ही वाट ठेवलेली असते. बहुतेक दारांना तळाशी अशी दोन-तीन भोकं किंवा लांबट फटी असतात. पावसातून आल्यावर पार्किंगमध्ये दाराखाली पाण्याचे ठिपके पडताना दिसले तर घाबरू नका. ठिपके पडत नसतील तर मात्र दार तपासा.

आता गंज तळालाच का? मी भोसरीत पत्र्याचे प्रेस पार्ट करणाऱ्या कारखान्यात काम करतो, त्यामुळे दाराची कड कशी दुमडतात हे रोज डोळ्यांसमोर असतं. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याच्या काठावर चपातीची घडी घालावी तसा दुमडून दाबलेला असतो. आमच्याकडे याला हेमिंग म्हणतात. घडीत चिकट द्रव्य भरतात, वरून सीलर लावतात, तरी दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट कुठे ना कुठे राहतेच. तळाला साचलेलं पाणी या फटीत शिरतं आणि धूळ-माती सोबत असेल तर पाऊस थांबला तरी ओल्या फडक्यासारखी ती ओल धरून ठेवते. फटीच्या तोंडाशी हवा खेळती असते, आत कोंडलेली. ओलीतला प्राणवायूचा हा कमी-जास्तपणाच फटीच्या आतला पत्रा आधी गंजवतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्यामुळे तो घडी आतून उचकटतो आणि रंगाला खालून ढकलतो. आपल्याला फोड दिसतो तोवर आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. बाहेरून घासून रंग मारणं का टिकत नाही, ते यातच आलं.

"पुण्यात कुठला गंज, तो मुंबईला आणि कोकणात," असं मी स्वतः कित्येक वर्षं म्हणत होतो. पुणे पर्जन्यछायेत आहे, शहराचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, हे खरं. पण आपल्या गाड्या शहरात बसून कुठे राहतात? जून लागला की ताम्हिणी, लोणावळा, मुळशी, आणि तिथला पाऊस पुण्याच्या कितीतरी पट. डिसेंबरात दापोली, हरिहरेश्वर, अलिबाग. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ दाराच्या पोटात जाऊन बसतं आणि मिठाच्या पाण्यात लोखंड फार लवकर गंजतं. शिवाय आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि झाडांचा पाला. या पाल्याबद्दल पुढे सांगतो, कारण माझ्या गाडीत खरी भानगड त्याचीच होती.

दहा मिनिटांची पहिली तपासणी

कुठलाही खर्च करण्याआधी हे करा. गाडी सपाट जागी उभी करून दार जरा झटक्यात उघडा-मिटा आणि कान द्या. आत पाणी साचलं असेल तर कळशी हलवल्यासारखा खळखळ आवाज येतो. ब्रेक मारताना किंवा वळणावर येत असेल तर पाणी बरंच आहे.

मग दार पूर्ण उघडा आणि खालच्या कडेखाली छोटा आरसा धरून टॉर्चने भोकं शोधा. ती कडेच्या आतल्या अंगाला असतात, काही ठिकाणी त्यावर रबराची टोपी किंवा झाप असते. प्रत्येक भोकात प्लॅस्टिकचा झिप टाय (वायरी बांधायची पट्टी) घालून हळूच आत-बाहेर करा. तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. भोकाच्या काठचा रंग खरवडला की नवीन गंज तिथूनच सुरू होतो. खाली ताट ठेवा. माझ्या दारातून अर्धा तांब्या पाणी आलं, कॉफीच्या रंगाचं, वास तळ्यातल्या चिखलासारखा.

पाण्यामागून जे आलं ते मी वर्तमानपत्रावर पसरून बघितलं. आमच्या सोसायटीत उघडं पार्किंग आहे आणि माझी जागा गुलमोहराखाली. गुलमोहराची पानं दिसायला मोठी, पण गळतात त्या त्यांच्या बारीक पर्णिका, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्या काचेच्या पट्टीपाशी साठतात, काच खाली केली की फटीतून आत जातात. आत पाण्यात कुजून त्यांचा काळा, चहाच्या चोथ्यासारखा लगदा झाला होता आणि तो थेट भोकांवर बसला होता. आंब्याच्या किंवा वडाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना हा त्रास कमी, त्यांची पानं फटीतून जातच नाहीत. गुलमोहर, रेन ट्री, चिंच, सुबाभूळ, अशा बारीक पानांच्या झाडाखाली जागा असेल तर वर्षातून दोनदा भोकं बघाच. एकदा मेअखेर, एकदा गणपतीच्या सुमारास.

मागच्या डाव्या दारात पाला नव्हता, तरी पाणी होतं. तिथे भोकं डोळ्यांना दिसतच नव्हती. पावसाळ्याआधी गाडीच्या तळाला काळं अँटीरस्ट कोटिंग मारून घेतलं होतं आणि मारणाऱ्याने दाराच्या कडेवरूनही बंदूक फिरवली होती. गंज रोखायला पैसे देऊन मी पाण्याची वाट बुजवून आणली होती. कोटिंग वाईट नाही, चाकांच्या कमानीत आणि तळाला ते हवंच. पण मारायच्या आधी दाराच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पेटीच्या) भोकांवर मास्किंग टेप लावायला समोर उभं राहून सांगा आणि झाल्यावर टेप काढलेली बघूनच गाडी ताब्यात घ्या.

भोकं मोकळी झाली की काच वर करून तिच्या बाहेरच्या बाजूवरून बाटलीने लिटरभर पाणी सावकाश ओता. दोन-तीन मिनिटांत ते खालून धार लावून यायला हवं. आलं तर दाराचं निम्मं काम झालं.

कार्पेट ओलं असेल तर

पाणी दाराच्या पोटात राहणं वेगळं आणि गाडीच्या आत येणं वेगळं. पुढच्या सीटपाशी कार्पेट ओलं दिसलं की लोक लगेच दाराचं बिडिंग बदलतात. बिडिंग म्हणजे दाराभोवतीचं रबर. ते दोषी आहे का हे पाहायला कागदाची लांब पट्टी पुरते. पट्टी रबर आणि दार यांच्यात ठेवून दार लावा आणि ओढा. दर वीतभर अंतरावर ओढून पाहा. सगळीकडे सारखा अटकाव लागला पाहिजे. एखाद्या जागी पट्टी सहज निसटली तर तिथे रबर दबलंय किंवा दार बिजागरीवर उतरलंय. रबरावर टाल्कम पावडर लावून दार मिटलं आणि उघडलं तरी चालतं, जिथे पावडरचा ठसा उमटत नाही तिथे फट आहे.

पण मी पाहिलेल्या गाड्यांत रबर क्वचितच दोषी निघालं.

शेजारच्या काकूंची गाडी घ्या. डावीकडे पुढे पाय ठेवायच्या जागी पाणी, तेही एप्रिलमध्ये. त्यांनी रबर बदललं होतं, फरक पडला नाही. एप्रिलमध्ये पाऊस नसतो, म्हणजे पाणी एसीचं. एसी चालू असताना आत जमणारं पाणी एका नळीने गाडीच्या खाली जातं. नळी तुंबली की ते कार्पेटवर उतरतं. ओळख सोपी आहे. पाणी स्वच्छ, बिनवासाचं, एसी लावलेल्या दिवशीच येणारं, आणि त्या दिवशी गाडीखाली नेहमीचं ठिबकणं गायब. नळी साफ केली, संपलं.

पावसातच येत असेल तर वायपरखालची जाळी बघा. काचेच्या आणि बॉनेटच्या मधल्या त्या पन्हाळीत पाला साचला की पाणी बाजूच्या वाटांनी उतरत नाही, वर चढतं आणि हवेच्या तोंडातून ब्लोअरमध्ये शिरतं. सनरूफ असेल तर तिच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांमधून खाली जातात, त्या तपासा. या नळ्यांत कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका. वॉशिंग सेंटरवर सर्रास मारतात आणि आतल्या जोडावरून नळी निसटली की पाणी थेट छताच्या कापडात येतं. त्या कामाला अख्खं छत उतरवावं लागतं. नायलॉनचा मऊ दोरा सरकवून साफ करा, मग कपभर पाणी ओतून बघा.

शोध घ्यायची पद्धत एकच ठेवा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. पाण्याला जोर नको, नळीतून नुसतं वाहू द्या. आणि खालून वर या. आधी दाराचा तळ, मग काचेची पट्टी, मग बिजागरीची बाजू, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून आलं ते कळतच नाही. मी आणि मेहुण्याने पहिल्यांदा ही घाई केली आणि रविवार वाया गेला.

कार्पेट वरून कोरडं लागलं म्हणून सोडू नका. खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो आणि त्याखाली फरशीचा पत्रा महिनोन् महिने ओला राहतो. कडेची पट्टी काढून कार्पेट उचला, खाली हात घाला. सीटखाली वायरिंगचे कपलर असतात, पाण्यात राहिले तर हिरवे पडतात आणि मग भलतेच दिवे लागायला लागतात. फोम सीट काढून उन्हात वाळवावा लागतो. नुसत्या हेअर ड्रायरने भागत नाही, करून बघितलंय.

पॅड काढल्यावर

दाराची भोकं मोकळी, रबर ठीक, एसी ठीक, तरी पावसात दाराच्या बाजूने कार्पेट भिजतं. अशा वेळी पॅड, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, काढावा लागतो. बहुतेक वेळा कारण एकच निघतं, आणि ते आपल्याच हातांनी झालेलं असतं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो. तुमच्या गाडीत असेल आणि हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्या. पॅडचे स्क्रू हँडलच्या मागे, हात ठेवायच्या कोनाड्यात, कधी छोट्या टोपीखाली असतात. ते निघाले की खालच्या कोपऱ्यापासून प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक सोडवा आणि शेवटी पॅड वर उचलून काचेच्या खाचेतून काढा. ओढू नका, मागे वायरी आहेत. चार-सहा क्लिपा तुटतातच, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मूठभर आधी आणून ठेवा.

पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा किंवा फोमचा कागद असतो, कडेने काळ्या चिकट वळीने बसवलेला. दाराच्या पोटातलं पाणी आणि आपली बसायची जागा यांच्यात फक्त हा कागद असतो. माझ्या दारात स्पीकर बदलला तेव्हा बसवणाऱ्याने तो ब्लेडने गोल कापला होता आणि खालची कड परत लावताना खाकी पॅकिंग टेप मारली होती. टेप ओलीत सुटून लोंबत होती. तिच्यामागे पत्र्यावर पाण्याच्या उतरत्या रेघा, कोरड्या, मातीच्या रंगाच्या, स्पीकरच्या भोकापासून तळाच्या पट्टीपर्यंत. पाणी दोन वर्षं कुठून येत होतं ते तिथे लिहिल्यासारखं दिसत होतं.

कागद बसवण्यात एक बारकावा आहे आणि गॅरेजमध्ये तो हमखास चुकतो. कौलं घालताना वरचं कौल खालच्यावर येतं, पाणी बाहेर पडावं म्हणून. इथेही तोच हिशोब, फक्त "बाहेर" म्हणजे दाराच्या पोटात. माझ्या गाडीत कागदाची खालची कड आतल्या पत्र्याच्या फटीतून दाराच्या पोटात सोडलेली होती, म्हणजे कागदावर आलेला थेंब परत आत पडतो आणि भोकातून निघून जातो. ही कड बाहेर काढून पत्र्यावर चिकटवली तर तोच थेंब पॅडच्या मागून थेट कार्पेटवर येतो. काढताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि होतं तसंच लावा.

जुनी काळी वळी मातीने मेली असेल तर ती खरवडून पत्रा पेट्रोलच्या फडक्याने पुसा, बॅटरी सुटलेलीच ठेवून आणि मोकळ्या हवेत. नवीन ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) सलग लावा, जोड खालच्या बाजूला येऊ देऊ नका. कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिन जुन्याच्या मापाने कापून चालतं. ताडपत्रीच्या दुकानात किंवा बोहरी आळीत मिळतं. स्पीकरमागे पाणी वळवायला जाड प्लॅस्टिकची छोटी पागोळी लावली की स्पीकरही वाचतो.

आता गंज

पॅड निघालेलाच आहे तर टॉर्च तळाला मारा. इथे जे दिसेल त्यावर पुढचं काम ठरतं, बाहेरच्या फोडावर नाही.

नुसती तपकिरी पावडर असेल, खाली पत्रा टणक असेल, तर काम घरी होतं. तारेचा ब्रश, सँडपेपर, भुगा व्हॅक्युमने बाहेर काढायचा. तो आत राहिला तर भोकं परत बुजवतो. मग पूर्ण कोरडं झाल्यावर गंज-कन्व्हर्टर. यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल उरलेल्या गंजावर काम करून त्याचा टिकाऊ थर करतं, टॅनिकवाला काळा पडतो. सुटे पोपडे तसेच ठेवून वर कन्व्हर्टर ओतला तर तो पोपड्यांनाच धरतो आणि पोपड्यांबरोबर निघून जातो. कन्व्हर्टर वाळला की एपॉक्सी प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पक्का थर.

पोपडे सुटत असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कडेवर ठोकत जा. चांगला पत्रा वाजतो, सडलेला बद्द बोलतो. टोकाने दाबल्यावर टोक आत गेलं तर विषय संपला, तो भाग कापावाच लागेल. पुट्टी, फायबर, अॅल्युमिनियमची जाळी यातलं काहीही चालणार नाही, कितीही सफाईने भरलं तरी. पुट्टी पाणी पिते आणि मागच्या पत्र्याला ओलीत ठेवते. माझ्या पहिल्या दुरुस्तीत नेमकं हेच झालं होतं. काकांनी पुट्टीचा थर उपटला तो बोटाएवढ्या जाडीचा, आणि मागे पत्र्याऐवजी चाळण.

त्यांनी गंजाच्या पलीकडे दोन बोटं चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं, तेवढ्याच जाडीचा पॅच करून मिग वेल्डिंगचे टाके थोड्या-थोड्या अंतराने मारले, पत्रा तापून वाकू नये म्हणून. इथपर्यंत बरेच जण नीट करतात. चुकतं ते पुढे. वेल्डिंगच्या मागच्या बाजूचा रंग जळतो, जस्ताचा मुलामा असेल तर तोही जातो. ती बाजू दाराच्या पोटात, डोळ्याआड, उघडी राहते. बाहेर चमकता रंग आणि आत उघडं लोखंड. दुसऱ्या पावसाळ्याला गंज वेल्डच्या रेषेने परत येतो आणि आपण म्हणतो पत्राच खराब. म्हणून रंग झाल्यावर गाडी ताब्यात घेताना एकच प्रश्न विचारा, वेल्डच्या मागून काय लावलंय? काकांनी पॅडच्या बाजूने हात घालून एपॉक्सी प्राइमर ब्रशने लावला, नवीन घडीवर सीम सीलर (सांधा बुजवायचं सीलंट) दाबला आणि तो वाळेपर्यंत मला दोन दिवस गाडी दिली नाही.

सगळ्यात शेवटी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण. लांब नळीच्या कॅनमधून ते दाराच्या तळाला, घडीत, कोपऱ्यांत मारायचं. ते फटीत झिरपतं आणि मऊच राहतं, म्हणून पत्रा हलला तरी तडकत नाही. वेल्डिंगच्या आधी मारू नका, पेट घेतं. मारून झालं की भोकांतून झिप टाय फिरवून वाट परत मोकळी करा. आमच्याकडे जुने ड्रायव्हर यासाठी इंजिनचं काळं ऑइल ओतायचे. ते करू नका. रबरं फुगतात, ऑइल रस्त्यावर ठिबकतं आणि वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात.

सीलंटबद्दलही एक सावधगिरी. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमसाठी मिळणारं सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते पत्र्यावर लावू नका. वाळताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं आणि उघड्या लोखंडाला गंजवतं. शिवाय त्यावर रंग धरत नाही. गाडीसाठी पॉलियुरेथेनचं सीम सीलर मागा. आणि काहीही लावा, तळाची भोकं बुजवू नका. पाणी येतंय म्हणून भोकच सीलंटने भरलेलं दार मी एक पाहिलंय. त्यात काचेची मोटर पाण्यात होती.

दाराशेजारच्या जागा

पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, दार उघडल्यावर बिजागरीखाली दिसतो तो. चाकाने उडवलेली माती चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे (लायनर) जाते आणि तिथे विटेसारखी घट्ट बसते. लायनरचे दोन-चार स्क्रू काढून हात घाला, माझ्या गाडीतून एका बाजूने घमेलंभर माती निघाली. फोड दाराला आलाय असं वाटतं, पण मूळ कधीकधी या मातीत असतं.

सिल, म्हणजे दाराखालची लांब पेटी, हिलाही तळाला भोकं असतात. ही गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, जॅक लावतो ती जागा इथेच. इथे पत्रा सडला असेल तर वरवरचा पॅच अजिबात चालवून घेऊ नका. टक्कर झाली तर ही पेटी आपल्याला वाचवते.

मागे डिकीत पाणी येत असेल तर स्टेपनी उचलून खड्डा बघा. येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, टेललॅम्पची गॅस्केट (मधलं रबर), वरच्या ब्रेक लाइटची गॅस्केट, अँटेनाचा पाया. पाण्याला साबणाचा वास असेल तर मागच्या वायपरची पाण्याची नळी सुटली आहे.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ही वेगळीच गोष्ट. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला लोंढा आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत शिरलेलं मुठेचं पाणी, दोन्ही वेळी कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी चालू करून बघू नका. इंजिनचं बघून झालं की चारही पॅड काढून, दारं आणि सिल आतून गोड्या पाण्याने धुऊन, गाळ भोकांतून निघेपर्यंत काम करावं लागतं. इंजिन दुरुस्त होऊन गाडी विकली जाते आणि दारातला गाळ तसाच राहतो. जुनी गाडी घ्यायला गेलात तर पॅडची खालची कड जरा उचलून आत मातीची आडवी रेघ आहे का ते बघा, आणि खिशात लोहचुंबक ठेवा. दाराच्या तळाला तो धरत नसेल तर खाली पुट्टी आहे.

आत्ताची स्थिती

डाव्या पुढच्या दाराला काम होऊन दोन पावसाळे झाले. फोड नाही. जुलैमध्ये ताम्हिणीतून आलो त्या रात्री चारही दारांखाली वर्तमानपत्र घालून ठेवलं होतं. सकाळी तीन दारांखाली ओले गोल डाग होते, चौथ्याखाली कागद कोरडा. उजवं मागचं. झिप टाय घातला तर भोकात गुलमोहराचा लगदा पुन्हा जमायला लागला होता. तो काढला, आत टॉर्च मारली, तर मागच्या कोपऱ्यात नखाएवढा तपकिरी डाग. पत्रा टणक आहे. ओल्या हवेत प्राइमर लावला तर ओल खालीच अडकते, म्हणून तो घासून सध्या फक्त वॅक्स मारून ठेवलंय. ऑक्टोबरच्या उन्हात ते वॅक्स पुसून काढून नीट करणार.